समोरची भिंत: एका विद्यार्थिनीच्या दोन असाइनमेंट

जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी आमच्या स्टुडिओतल्या संगणकावर एक फोटो उघडला होता. हातानं ठोके मारून मठारलेलं तांब्याचं घंगाळ, मागे राखाडी कागद. फोकस अचूक, एक्सपोजर ठीक, चौकट सरळ. पण घंगाळाच्या काठाची जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर आख्खा स्टुडिओ दिसत होता: दोन सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणारे दिवे), छताची ट्यूबलाइट, ट्रायपॉडचे पाय, दाराशी काढून ठेवलेल्या चपला आणि मधोमध पिवळ्या कुडत्यातली फोटो काढणारी मुलगी. खाली पोटावर तर ठोक्याठोक्यात पांढरे ठिपके उमटले होते, देवीचे वण असावेत तसे.

"मॅडम, भांड्याचा फोटो काढायला गेले आणि आला माझाच," ती म्हणाली.

तिथून शनिवारपर्यंत तिनं जे केलं ते मला सविस्तर लिहून ठेवावंसं वाटतं. फोटोग्राफी शिकवताना 'आउटडोअर' आणि 'स्टुडिओ' असे दोन कप्पे आपण करतो. वेळापत्रकात वेगळे, गुणपत्रिकेत वेगळे, पुष्कळदा शिकवणारेही वेगळे. माझ्याही वर्गात ते तसेच होते. या मुलीनं ते कप्पे मोडले, आणि ते मोडले म्हणूनच तिला उजेड दिसायला लागला, असं माझं ठाम मत झालं आहे.

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका संस्थेत मी एक वर्षाचा फोटोग्राफीचा अभ्यासक्रम शिकवते. त्या वर्षी वर्गात चौदा जण होते. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला आठ असाइनमेंट, चार बाहेरच्या आणि चार स्टुडिओतल्या. बाहेर: सकाळचा प्रकाश, हालचाल, पोत, आणि माणूस व त्याचं काम. स्टुडिओत: काच, धातू, कापड, पोर्ट्रेट. प्रत्येकी वीस गुण.

ही मुलगी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडिलांचा तिथे फोटो स्टुडिओ. पासपोर्ट, लग्नं, बारसं, शाळेचे ग्रुप फोटो. दहावीपासून ती वडिलांबरोबर लग्नाला जायची, त्यामुळे कॅमेऱ्याची बटणं तिला अंधारातही सापडत. वर्गातल्या बाकीच्यांना अ‍ॅपर्चर आणि शटरचा, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं आणि किती वेळ याचा, मेळ जमेपर्यंत दिवाळी उलटली; हिला तो येतानाच जमत होता. तिची अडचण वेगळी होती. तिच्या प्रत्येक फोटोत उजेड एकाच जागेवरून यायचा, कॅमेऱ्याच्या डोक्यावरून. लग्नात वेळ नसतो, मांडवात काळोख असतो, नवरीच्या चेहऱ्यावर सावली पडली तर पैसे कापले जातात; अशा कामात फ्लॅश समोरून मारणं हाच शहाणपणा असतो. त्या सवयीला मी नावं ठेवत नाही. पण सात-आठ वर्षं उजेड स्वतःबरोबर घेऊन हिंडलेल्या माणसाला समोर आधीच असलेला उजेड दिसेनासा होतो.

म्हणून 'माणूस आणि त्याचं काम' या असाइनमेंटला मी सगळ्यांना घातलेल्या अटी तिला सर्वांत जास्त जाचल्या. एकच जागा, चार भेटी. एकच लेन्स, पन्नास मिलिमीटर. फ्लॅश बंद. एका भेटीत जास्तीत जास्त 36 फ्रेम, कारण मी शिकले तेव्हा रोलमध्ये तेवढ्याच असत आणि सदतिसावी नसल्यानं माणूस पहिल्या छत्तीस विचार करून वापरायचा. शिवाय एक वही. त्या वहीत जागेचा साधा नकाशा काढायचा आणि किती वाजता उजेड कुठून येतो ते बाणानं दाखवायचं. मुलांना ही वही नकोशी होते. 'चित्रकलेचा तास' म्हणतात तिला.

गल्लीतल्या चार भेटी

तिनं जागा निवडली कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईपासून इथे तांबटांची, म्हणजे त्वष्टा कासारांची वस्ती आहे. बंब, हंडे, घंगाळं, कळश्या इथे हातानं घडायच्या. घरोघर गीझर आले, स्टीलची भांडी आली, तशी ठोक्यांची संख्या घटली, तरी आळीत शिरलं की आवाज अजून येतो. पत्रा वाकवून, जोडून भांड्याचा आकार आला की शेवटी मठारकाम असतं. भांडं लोखंडी दांड्यावर अडकवून फिरवत फिरवत ओळीनं ठोके मारायचे. त्यानं पत्रा कडक होतो आणि अंगावर ते ओळखीचे चकाकते पैलू उमटतात. एकाला एक लागून, ओळीला ओळ धरून, एकही ठोका दुसऱ्यावर न चढता.

ज्या कारागिरांकडे ती गेली ते सत्तरीच्या पुढचे. ती त्यांना काका म्हणायची, ते तिला 'पोरी'.

पहिली भेट दुपारी साडेबाराला. गल्लीत रणरणतं ऊन, काका उंबऱ्याच्या आत बसलेले. तिनं मीटरची नोंद वहीत केली होती: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) 200 ला बाहेर एफ 16, एकदोनशेअंश सेकंद, आत एफ 4, एकसाठांश. हा फरक जवळपास सहा स्टॉपचा होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा पन्नासपटीहून जास्त उजेड. डोळा एवढा फरक सहज पचवतो, कारण तो आत पाहताना वेगळा आणि बाहेर पाहताना वेगळा जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका फ्रेमसाठी एकच निर्णय घ्यावा लागतो. तिच्या जवळपास सगळ्याच फ्रेममध्ये एक तर गल्ली पांढरीफटक होती नाही तर काका काळी आकृती.

"फ्लॅश लावू दिला असतात तर झालं असतं," ती म्हणाली. आणि मग खाली बघत, "एक लावून काढलाय."

तो मी मुद्दाम सगळ्या वर्गाला दाखवला. काका उजळले होते, मागच्या भिंतीवर त्यांची कडक काळी सावली चिकटली होती आणि हातातल्या भांड्याच्या प्रत्येक ठोक्यात एकेक जळका पांढरा ठिपका. चेहरा दिसत होता, पण ते ज्यासाठी तिथे दिवसभर बसतात ते मठारकाम नाहीसं झालं होतं. ठोक्याची खोली कळते ती एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार असेल तर. समोरून सगळीकडे सारखाच उजेड मारला की खोली सपाट होते. शेतातली वाट, नांगराची तासं, म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या, सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

दुसऱ्या भेटीत तिनं एकही फोटो काढला नाही. सकाळी आठला गेली, काकांनी दुकान उघडलं नव्हतं. त्यांच्या घरच्यांनी चहा दिला. मग ती दुकानात एका कोपऱ्यात पाच वाजेपर्यंत बसून राहिली. वहीची चार पानं भरली. नऊला ऊन उंबऱ्यातून आत काकांच्या गुडघ्यापर्यंत येतं, अकराला उंबऱ्यावर, बाराला बाहेर. दोन ते तीन आत मरगळलेला उजेड. आणि चारच्या सुमारास तिनं लिहिलं होतं: 'आत अचानक बरं दिसायला लागलं. कुठून ते कळत नाही.' त्याखाली एक प्रश्नचिन्ह. पंधरा मिनिटांनी बाण: 'समोरची भिंत!!'

दुकान पूर्वाभिमुख, बैठं, कौलारू. समोर काही वर्षांपूर्वी उभी राहिलेली तीन मजली इमारत, फिकट पांढऱ्या रंगाची. दुपार कलली की सूर्य दुकानाच्या मागे, पश्चिमेला जातो, बैठ्या कौलांवरून समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर पडतो आणि ती भिंत तो उजेड परत दुकानात फेकते. गल्ली तोवर सावलीत गेलेली असते. म्हणजे बाहेरचं ऊन गेलं आणि आत एक मोठ्ठा, मऊ, तिरका दिवा लागला. सगळ्या आळीचं जुनं रूप बिघडवणारी म्हणून मी जिच्याकडे नाक मुरडून पाहायचे, ती इमारत या दुकानाचा रिफ्लेक्टर होती.

आणि या भेटीचे मी तिला शून्य गुण दिले. माझ्या तक्त्यात प्रत्येक भेटीला पाच गुण होते आणि ते फ्रेमवर होते. फ्रेम नाही, गुण नाही. त्या सत्रात कोणी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि माझ्या मोजपट्टीला ते दिसलंच नाही. तिनं तक्रार केली नाही. मलाच तो आकडा अजून टोचतो.

तिसरी भेट चार वाजता. आता आत एफ 4 ला एकदोनशेपन्नासांश, आयएसओ 400. गल्ली आतल्यापेक्षा फक्त दोन स्टॉप वर. सहाचे दोन झाले, आणि कॅमेऱ्याला दोन सहज झेपतात. काका, भांडं, उंबरा, बाहेरून जाणारी सायकल, सगळं एका फ्रेममध्ये बसलं. प्रत्येक ठोक्याच्या एका कडेला भिंतीचा उजळ कवडसा, दुसरीकडे दुकानाच्या काळोखाची कड. ओळी मोजता याव्यात इतक्या स्वच्छ.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. एकदोनशेपन्नासांशाला हातोडा हवेत जवळजवळ थिजला होता. "काकांनी फोटोसाठी धरून ठेवलाय असं वाटतंय," ती म्हणाली. चौथ्या भेटीत तिनं अ‍ॅपर्चर दोन स्टॉप मिटून एफ 8 केलं आणि शटर एकसाठांशावर आणलं. उजेड तेवढाच, पण आता हातोड्याचा पुसट पंखा आला, मनगट थोडं हललेलं, भांडं आणि चेहरा स्थिर. अठ्ठावीस फ्रेम तिनं या एका क्षणावर घालवल्या. त्यातली एक लागली. अ‍ॅपर्चर आणि शटरची देवाणघेवाण पहिल्या महिन्यात फळ्यावर सगळेच शिकतात. ती कशासाठी करायची हे बहुतेकांना असं कुठेतरी मनगटाशी कळतं.

निघताना तिनं काकांकडे ते घंगाळ मागितलं. धातूची असाइनमेंट समोर होती आणि बाकीची मुलं घरून पितळी समई नाही तर स्टीलचा डबा आणणार होती. कोणाच्या तरी वास्तुशांतीची ऑर्डर होती ती. काकांनी शनिवारपर्यंत दिलं. धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून दिलं आणि बजावलं, "पोरी, उघड्या हातानं पकडू नकोस. घामाचा डाग बसतो, मग चिंच लावून पुन्हा उजळायला लागतं."

घंगाळ स्टुडिओत

स्टुडिओत शिरताच तिचा जुना हात परत आला. दोन सॉफ्टबॉक्स, डावीउजवीकडे पंचेचाळीस अंशांवर. वडिलांच्या स्टुडिओतल्या दोन छत्र्यांची हीच मांडणी. चेहऱ्याला ती चालते, कारण कातडी उजेड विखुरते. तांबं विखुरत नाही, परत पाठवतं. सुरुवातीला सांगितलेला फोटो तो हाच.

तिनं पहिला उपाय केला तो पोलराइझिंग फिल्टरचा. काचेवरची, पाण्यावरची झळाळी त्यानं काढताना तिनं पाहिलं होतं. फिल्टर गोल गोल फिरवून पाहिला, काही फरक नाही. फिल्टर बिघडला असावा म्हणून दुसरा आणला. यात शिकण्याजोगं खूप आहे म्हणून मी मध्ये पडले नाही. काच, पाणी, पॉलिश केलेलं लाकूड यांच्यावरून ठराविक कोनात परत येणारा उजेड ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेनं कंप पावणारा, झालेला असतो, म्हणून फिल्टर तो अडवू शकतो. धातूवरून परतणारा उजेड साधारण जसा गेला तसाच येतो, फिल्टरला पकडायला काही राहत नाही. हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. पण आधी अर्धा तास फिल्टर फिरवलेल्या माणसाच्या ते जन्मभर लक्षात राहतं.

दुसरा उपाय: लाइट लांब नेणं. ठिपके लहान झाले आणि आणखी टोचायला लागले. तिसरा: लाइट कमी करणं. सगळंच काळवंडलं, ठिपके तसेच. बुधवारचे तिचे तीन तास संपले. बाहेर पुढचा मुलगा काचेची बाटली घेऊन उभा होता.

गुरुवारी ती आली आणि लाइट न लावता स्टुलावर बसून राहिली. फडक्यात धरलेलं घंगाळ मांडीवर फिरवत होती. मी विचारलं, "काय बघतेस?"

"मॅडम, काकांच्या दुकानात हे असं दिसत नव्हतं. तिथे ठिपके नव्हते."

"का नव्हते?"

तिनं वही काढली, चार वाजताचं पान. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "इथे समोरची भिंत नाहीये."

दोन सत्रांत मी जे सांगायचा प्रयत्न करत होते ते सगळं त्या एका वाक्यात होतं. चकचकीत वस्तू उजळायची नसते. तिला समोर जे दिसतं ते उजळायचं असतं. ज्या कोनातून उजेड येऊन आदळतो त्याच कोनातून तो परत जातो, हा शाळेतल्या आरशाचा नियम. सपाट आरसा समोरचा एक तुकडा दाखवतो. घंगाळासारखं फुगीर पोट मात्र समोरचं, बाजूचं, वरचं, खालचं जवळजवळ सगळंच कॅमेऱ्याला दाखवतं. दिवा कुठेही ठेवा, तो कुठल्या ना कुठल्या ठोक्यात दिसणारच. मग दिवा लपवण्यापेक्षा घंगाळाला बघायला काहीतरी चांगलं द्यायचं.

मग तिनं आळी बांधायला घेतली. हा शब्द तिचाच, वहीत तसाच आहे: 'आळी बांधली.'

समोरच्या इमारतीसाठी चार फुटी ट्रेसिंग पेपरचा रोल दोन स्टँडच्या मध्ये दांडीवरून सोडला, घंगाळाच्या डावीकडे, थोडा पुढे झुकवून. लाइट त्या कागदाच्या मागे. घंगाळावर थेट एकही लाइट नाही. पहिल्या फोटोत कागद सगळीकडे सारखाच पांढरा आला आणि घंगाळाच्या पोटावर एक मेलेला पांढरा चौकोन उमटला, कडा कापल्यासारख्या. तिला उतार हवा होता, भिंतीवर असतो तसा: मध्ये उजळ आणि कडेला विझत जाणारा. तिनं लाइट कागदापासून चार फुटांवरून दीड फुटावर आणला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट घटतो. लाइट लांब असेल तर कागदाचा मध्य आणि कड यांच्या अंतरात फारसा फरक पडत नाही, म्हणून उजेड सारखा पडतो. लाइट जवळ आणला की मध्य अगदी जवळ आणि कड तुलनेनं खूप लांब, म्हणून उतार तयार होतो. हे सूत्र तिनं परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुणही मिळवले होते. सूत्राचा हात धरून लाइट हलवताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता दुकानाचा काळोख. उजवीकडे काळं मखमली कापड टांगलं. त्यानं घंगाळाच्या उजव्या कडेला एक गडद रेघ आली आणि भांडं गोल झालं. त्याआधी ते फोटोत थाळीसारखं चपटं दिसत होतं. वर छताची ट्यूबलाइट बंद, वरून थर्माकोलची शीट. चपला बाहेर.

राहिली ती स्वतः. फुगीर चकचकीत वस्तूत कॅमेरा दिसणारच, त्याला इलाज नाही. तो लहान करता येतो आणि अंधारात लपवता येतो. पन्नासची लेन्स काढून तिनं 105 लावली आणि मागे सरकली. कॅमेरा लांब गेला तसा त्याचा प्रतिबिंबातला आकार आक्रसला. मग काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून ते कॅमेऱ्यासमोर धरलं. संस्थेचं कापड होतं, मला विचारून पाडलं नाही, आणि मी रागावलेही नाही.

शेवटचा अडथळा रंगाचा. ऑटो व्हाइट बॅलन्सनं, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप केलेल्या रंगजुळणीनं, तांबं मळकट करून ठेवलं होतं. चौकटीत सगळीकडे नारिंगी-लालसर दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळेपणा मिसळून त्याला 'दुरुस्त' करतो. तिनं राखाडी कार्ड ठेवून एक फ्रेम घेतली आणि तिच्यावरून रंग पक्का केला. इथे आणखी एक गोष्ट तिनं स्वतः टिपली, जी मी कधी फळ्यावर लिहिली नव्हती. प्लास्टिकच्या लाल मगावरची झळाळी पांढरी असते. तांब्यावरची झळाळी तांबडी असते. धातू परत पाठवतो तो उजेड आपल्या रंगात बुडवून पाठवतो. पांढरा कागद घंगाळात पिकल्या आंब्याच्या सालीसारखा दिसत होता.

शुक्रवारी रात्री साडेआठला अकराव्या मांडणीत फोटो लागला. एका बाजूनं विझत जाणारा ऊबदार उजेड, दुसरीकडे काळी कड, आणि मध्ये शेकडो ठोके, प्रत्येकाला स्वतःची कोर आणि स्वतःची सावली. आळीतला चार वाजताचा फोटो शेजारी ठेवला तर उजेड एकाच घरचा वाटत होता.

जुनी गोष्ट, नव्यानं

विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओ म्हणजे मुळात उजेडाचीच खोली असे. 1839 साली फोटोग्राफी जाहीर झाली, 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि त्यानंतरची कित्येक दशकं छायाचित्रकार आभाळाच्याच उजेडावर पोर्ट्रेट काढत. काचेचं छत किंवा उत्तरेची मोठी खिडकी, तिला पडदे, पडदा सारून उजेड कमीजास्त करायचा. उत्तर यासाठी की तिकडून थेट ऊन आत येत नाही. आपल्याकडे तेही पूर्ण खरं नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या जरासा उत्तरेलाच असतो, म्हणजे त्या दिवसांत इथल्या उत्तरेच्या काचेलाही पडदा लागणारच. सांगायचं इतकंच की आपण आज वापरतो तो सॉफ्टबॉक्स ही त्या खिडकीची नक्कल आहे. बाहेरचा उजेड न बघितलेल्या विद्यार्थ्याच्या हाती सॉफ्टबॉक्स दिला, तर तो नकलेची नक्कल करत बसतो.

बाटलीवाल्या मुलाचंही सांगते. त्यानं काचेची असाइनमेंट एका तासात उरकली, इंटरनेटवरच्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे लाइट मांडून. फोटो देखणा होता आणि मी त्याला अठरा गुण दिले. पंधरा दिवसांनी बाटलीऐवजी पाण्यानं भरलेला पेला आला, आकृती लागू पडेना, आणि तो मला फोन करून विचारत होता की लाइट किती अंशावर ठेवू.

गुण, आणि त्यानंतर

आउटडोअरला तिला वीसपैकी अकरा मिळाले: दोन, शून्य, पाच, चार. धातूला एकोणीस. एकदा नोंदवलेले गुण बदलता येत नव्हते. तिच्या गुणपत्रिकेवर आजही ते अकरा आहेत, आणि एकोणीस हे त्या अकरांमधूनच आले हे गुणपत्रिका वाचणाऱ्या कोणाला कळणार नाही.

पुढच्या वर्षी मी तक्ता बदलला. चार भेटींपैकी एक भेट आता कॅमेऱ्याशिवाय असते, फक्त वही, आणि तिला फ्रेमच्या भेटीइतकेच पाच गुण. दुसरा बदल मोठा: बाहेरच्या असाइनमेंटमधली एक वस्तू स्टुडिओत आणायची, आणि तिथला उजेड इथे बांधायचा. जागेचा फोटो आणि स्टुडिओतला फोटो शेजारी शेजारी लावून एकत्र गुण. फ्लॅशबंदी मात्र थोडी सैल केली. चौथ्या भेटीत फ्लॅश चालतो, अट एवढीच की तो कॅमेऱ्यावर नको.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काहींनी जागाच अशी निवडली की आणायला सोपी वस्तू मिळावी. तीन जणांनी पणत्या आणल्या. एका मुलानं मंडईतून पालेभाजी आणली, ती दुसऱ्या तासाला माना टाकून बसली, पण मंडईच्या छताखालचा तो उंचावरून झिरपणारा उजेड त्यानं बटर पेपरनं फार सुंदर बांधला होता. वेळ जास्त लागतो ही खरी अडचण. तीन तासांची स्टुडिओची पाळी पुरत नाही आणि रोज कोणाची तरी गैरसोय होते.

आणि या मुलीचंही सगळं सुटलं नाही. पोर्ट्रेटच्या असाइनमेंटसाठी तिनं काकांनाच बोलावलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले: "माझं काम तिथे नाही. मी तिथे नुसता बसून काय करू?" तिनं मग मैत्रिणीचं पोर्ट्रेट केलं, डावीकडे कागद आणि उजवीकडे काळं कापड लावून, आणि मैत्रीण भांड्यासारखी दिसली. चेहऱ्याला आळी कशी बांधायची हे तिला अजून शिकायचं होतं. पुढच्या सुट्टीत गावी जाऊन तिनं वडिलांच्या स्टुडिओतली एक छत्री भिंतीकडे वळवली, तर वडील म्हणाले, "पासपोर्टला सावली चालत नाही, बाळा." तेही बरोबरच आहे. छत्री तिनं पुन्हा जागेवर ठेवली. आता लग्नाला जाताना मात्र मांडवात शिरल्यावर आधी पाच मिनिटं नुसती उभी राहते, असं तिनं मला फोनवर सांगितलं.

घंगाळ शनिवारी दुपारी परत केलं. मीही बरोबर गेले होते. तिनं आठ बाय बाराची प्रिंट काढून नेली होती, काकांना द्यायला. काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि प्रिंट उंबऱ्याकडे तिरकी धरली. आम्ही वाट पाहत होतो की ते चकाकीबद्दल काही म्हणतील. त्यांचं बोट काठाखालच्या तिसऱ्या ओळीवर जाऊन थांबलं.

"इथे दोन ठोके एकावर एक चढलेत," ते म्हणाले. "दुकानात दिसलं नव्हतं मला."

मग प्रिंट मांडीवर ठेवून त्यांनी फडकं सोडलं, घंगाळ दांड्यावर अडकवलं, फोटोत बघून ती जागा शोधली आणि हातोडा उचलला. चार वाजायला आले होते. समोरच्या भिंतीवर ऊन चढत होतं. तिनं कॅमेरा आणलाच नव्हता. वही उघडून तिनं वेळ लिहिली.